लेकीच्या खांद्याचं माप

"ताई, श्वास सोडा. धरून ठेवलात की खांदा वर येतो."

तिने श्वास सोडला.

"अजून. आत आहे थोडा."

"आहे तो राहू द्या मिस्त्री. घरी चालत जायचंय मला."

मिस्त्रींच्या दातांत पेन्सिल होती आणि हातात पोलादी फूटपट्टी, त्यामुळे त्यांना हसता आलं नाही. डोळे तेवढे हसले. ते तिच्याभोवती फेरी मारून आले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, तिच्या कोपरापाशी नजर नेली आणि पुन्हा फेरी मारायला निघाले. जणू समोर बाई नव्हतीच, एखादं कपाट होतं आणि ते दारातून आत जाईल की अडकेल याचा अंदाज चालला होता.

ती उभीही अशी होती की कुठली शहाणी बाई तशी उभी राहणार नाही. डावी कंबर बाहेर, पाठ मागे रेललेली, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवलेलं आणि त्या हाताच्या मुठीवर तोललेला लाकडी दस्ता. दस्ता म्हणजे रायफलचं अंग, ज्यावर गाल टेकतो, जे खांद्याला लागतं, ज्याला मूठ असते. नळी त्याच्यावर बसते. इथे नळीच्या जागी मिस्त्रींनी तेवढ्याच वजनाचा लोखंडी पाइप बसवला होता. खरी नळी दूर, लेकीच्या सराव शिबिरात होती. तिथे ती शिकंज्यात आवळून, वेगवेगळ्या पेट्यांतल्या गोळ्या झाडून त्या नळीला कुठली मानवते ते बघायचं काम चाललं होतं.

आणि तिच्या अंगात जॅकेट होतं, तेही लेकीचंच. कॅनव्हास आणि चामड्याचं, नेमबाज घालतात तसलं जाड, पण वर्षानुवर्षं वापरून कोपरांशी मऊ पडलेलं. त्याला अजून लेकीचा वास येत होता की तिला तसा भास होत होता, हे तिने तपासून बघितलं नव्हतं. काही गोष्टी तपासायच्या नसतात.

लेकीला घरात बगळी म्हणत. बारा वर्षांची असताना ती पहिल्यांदा रेंजवर उभी राहिली आणि तिचे बाबा म्हणाले, "ही बघ, बगळी झाली. मासा येईपर्यंत हलायची नाही." ते नाव चिकटलं. आता बगळी एकवीस वर्षांची होती, पन्नास मीटरवर पॉइंट टू टू रायफल मारायची, आणि गेलं दीड वर्ष त्या शिबिरात होती. दीड वर्षात एकदाही घरी आली नव्हती. येणार होती तीन वेळा. एकदा निवड चाचणी आडवी आली, एकदा ताप आला, एकदा प्रशिक्षकांनी रजा देऊन परत घेतली. फोनवर रोज दिसायची. पण फोनमध्ये माणूस दिसतं म्हणजे काय, वीतभर चौकटीत डोकं आणि अर्धी मान. उरलेली लेक कुठे असते, ते आईनेच मनाने भरून घ्यायचं.

मायलेकींचा बांधा एक. सोळाव्या वर्षी बगळी आईएवढी झाली आणि तिथेच थांबली. एकीचा स्वेटर दुसरीला, एकीच्या चपला दुसरीच्या पायात. रेंजवरही तेच. आठ वर्षं आई मागच्या बाकावर बसून असायची, आणि रायफल खांद्याला कुठे लागते ते बाहेरून बघायचं असलं की बगळी म्हणायची, "आई, जरा माझी खुंटी हो गं." मग आईने जॅकेट चढवायचं, रायफल उचलायची आणि खुंटीसारखं गप उभं राहायचं. पोर भोवती फिरून स्क्रू पिळायची. आईने उभ्या आयुष्यात एक गोळी मारली नव्हती. पण कुठल्या स्क्रूने मानेत रग भरते आणि कुठल्याने ती जाते, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

म्हणून तर ही निवड तिच्यावर आली होती.

बगळीकडे इतकी वर्षं क्लबची रायफल होती, ती हंगाम संपला की परत करायची होती. नवी रायफल कुठली घ्यायची यावर फोनवर तीन आठवडे काथ्याकूट झाला. शेवटी नळी ठरली. राहिलं अंग. एक होता अॅल्युमिनियमचा दस्ता, तयार, जागोजागी स्क्रू असलेला. पेटीतून काढा, चावी फिरवा, हवा तेवढा लांब, हवा तेवढा उंच. दुसरा अक्रोडाच्या लाकडाचा, जो मिस्त्री माणसाच्या अंगावर मापून तासणार. बगळी म्हणाली होती, "आई, तू जा आणि दोन्ही उचलून बघ. तुला कळतं तेवढं इथल्या निम्म्या लोकांना कळत नाही."

ती गेली, दोन्ही उचलले. मिस्त्री प्रामाणिक माणूस. म्हणाले, "ताई, माझ्याच पोटावर पाय येईल, पण खरं ते सांगतो. धातूचा वाईट नाही. पोरगी तिथल्या तिथे स्वतः जुळवून घेईल. लाकडाचं तसं नाही. ट्रिगरपासून मागच्या टोकापर्यंतची लांबी एकदा कापली की कापली. टोकाला थोडा सरकायला खेळ ठेवतो मी, पण तो उभं राहून, गुडघ्यावर बसून, पालथं पडून मारायला लागतोच. चुकीचं माप झाकायला तो पुरत नाही. आणि मापाला माणूस समोर लागतं."

मापाला माणूस समोर लागतं. हे शब्द तिने उचलले आणि घरापर्यंत ओंजळीतून पाणी न्यावं तसे नेले.

फोनवर ती म्हणाली, "लाकडाचा घे. धातू गालाला कोरडा लागतो गं." हे खोटं नव्हतं. अर्धं खरं होतं. "पण मापाला तुला यावं लागेल. दोन दिवस."

पलीकडून बगळी म्हणाली, "आता रजा नाही देणार आई. सहा आठवड्यांवर चाचणी आहे." आणि लगेच, तिला एकदम सुचून, "अगं, तूच उभी राहा ना माझ्या जागी! खुंटी!"

झालं. ओंजळ तिथेच रिकामी झाली.

"ताई?" मिस्त्रींनी पेन्सिल तोंडातून काढली होती. "मी काय विचारलं? जॅकेट हेच ना अजून तिचं?"

तिने उत्तर द्यायला किती वेळ घेतला, हे मिस्त्रींना कळलं नसावं. उभं राहून मान अवघडली असेल असंच त्यांना वाटलं असणार.

जॅकेट हे नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी शिबिराने बगळीला नवं दिलं होतं, फळीसारखं ताठ. पहिल्याच दिवशी तिने फोनवर दाखवलं होतं, "बघ आई, मी काढून ठेवलं तरी उभंच राहतं. त्याला माझी गरजच नाही." खांद्यापाशी ते अंगापासून सुटून असायचं. शिवाय बगळीचा खांदाही पहिला राहिला नव्हता. तिथे रोज वजनं उचलायला लावत. त्या वीतभर चौकटीतसुद्धा आईला दिसलं होतं की मानेपासून उतरणारी रेघ आता वेगळी उतरते. म्हणजे दस्ता या मापापेक्षा आखूड हवा. किती? अर्धं बोट तरी.

आणि लांब झाला तर काय होईल, तेही तिच्या मनात लख्ख दिसलं. बगळीचं डोकं मागे ओढलं जाईल. मानेत रग येईल. ती दोन दिवस सोसेल, तिसऱ्या दिवशी सरांना सांगेल. आणि मिस्त्री फोनवरून कापत नाहीत. दुसऱ्यांदा कापायचं तर माणूस समोर लागेल.

"हेच," ती म्हणाली.

"मग ठीक." मिस्त्रींनी लाकडावर पेन्सिलीची रेघ ओढली.

घरी आली ती तडक बगळीच्या खोलीत गेली आणि पडदे काढून बादलीत टाकले. गादी उन्हात लावली. टेबलाचा खण उपसला, पेनं कागदावर चालवून बघितली, वाळलेली फेकून दिली. नवरा कामावरून आला तेव्हा ती स्टुलावर उभी राहून पंख्याची पाती पुसत होती. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. दिवसभर इमारतींच्या अंधाऱ्या नळ्यांत लोंबकळून आला की घरात आधी खुर्ची शोधायचा. पण आज तो दारातच थांबला.

"कोण येतंय?"

"कोणी नाही हो."

"कोणी नाही येणार म्हणून पडदे धुतलेस?"

"धूळ बसली होती."

"धूळ दीड वर्ष बसलीये. आजच टोचली?" तो आत आला, लेकीच्या उघड्या पलंगावर दोन्ही हात टेकवून हळूच बसला, जणू तो पलंग नव्हे, आजारी माणसाची कूस होती. "मी म्हणतो, खरंच येणार असेल तर सांग बाई. मला दोन दिवस आधी रजा टाकावी लागते. नाहीतर तो साहेब माझ्याच खांद्यावर लिफ्ट चढवील."

"नाही येत," ती म्हणाली, आणि पंखा पुसत राहिली.

संध्याकाळी फोन आला. बगळीचे केस ओले होते आणि ती काहीतरी चघळत होती. तिच्या मागे भिंतीवर ते जॅकेट लटकत होतं, लटकत कसलं, उभं होतं.

"झालं माप? त्रास नाही ना दिला मिस्त्रींनी?"

"मिस्त्री कपाट समजतात मला."

"आई, नव्या जॅकेटचं सांगितलंस ना त्यांना? अगं हे अजून मऊच होत नाहीये. मी त्याला शिव्या देते रोज."

"सांगितलं," आई म्हणाली.

एकाच दिवसात दुसऱ्यांदा. आणि या वेळी जीभ अडखळली नाही, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

सकाळी उठून आंघोळ झाली की ती देवासमोर बसायची. बारा वर्षांचा नेम. मागणं फारसं नसायचं, आदल्या दिवशी काय काय झालं ते मनातल्या मनात सांगायचं आणि त्यात चुकलं काय ते वेगळं काढून ठेवायचं, जसं धान्यातून खडे. आणि बगळी शिबिरात गेल्यापासून साडेनऊला, तिचा सराव सुरू व्हायच्या वेळेला, जिथे असेल तिथे दोन मिनिटं डोळे मिटायचे. त्या सकाळी ती बसली आणि मिस्त्रींच्या कारखान्यापर्यंत येऊन अडली. पुढचं वाक्य तोंडात येईना. देवाला काही न सांगता कळतं हे तिला माहीत होतं. पण आपण सांगायचं असतं ते त्याला कळावं म्हणून नव्हे. ती तशीच उठली. बारा वर्षांत पहिल्यांदा नेम अर्धा राहिला.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. डोळे तपासायचे डॉक्टर वेगळे. हिचं काम फ्रेम बसवायचं. नाक, कान, डोळ्यांमधलं अंतर. गरम वाळूत काडी धरून वाकवायची, पुन्हा चढवायची, पुन्हा काढायची. हे काम तिच्या हातात बसलं होतं.

अकराच्या सुमाराला एक आजोबा आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात रुमालात गुंडाळलेला जुना चष्मा. डॉक्टरांची चिठ्ठी होती, बायकोच्या नावाची, नंबर बदललेला.

"आजी कुठे आहेत?"

"ती खाली उतरत नाही आता. तीन जिने आहेत आमचे, डॉक्टरही घरीच येऊन गेले. तुम्ही या जुन्यावरून करा."

"जुन्यावरून नीट नाही होत हो आजोबा. माणूस समोर लागतं," ती म्हणाली, आणि आपलेच शब्द कानावर पडताच क्षणभर थांबली.

"मग विचारा मला," आजोबा खुर्ची ओढून बसले. "पंचावन्न वर्षं बघतोय तिच्याकडे. विचारा काय विचारायचं ते."

तिने विचारलं. नाकावर वळ पडतात का? पडतात, डावीकडे जास्त. काडी कानामागे टोचते? उजव्या बाजूला, कारण त्या कुशीवर आडवी होऊन वाचते आणि चष्मा काढत नाही, ओरडलं तरी. मान खाली घालून वाचतात की पुस्तक वर धरतात? पोटावर ठेवते, तिचं पोट म्हणजे टेबलच आहे, हे तिला सांगू नका. वजन कमी झालंय का अलीकडे? गालाला लागायची फ्रेम, ती आता लागते का?

इथे आजोबा थांबले. "झालंय कमी," ते म्हणाले. "पुष्कळ झालंय. मी कोणाला सांगत नव्हतो. पण तुम्हाला सांगितलं पाहिजे. मी राखून ठेवलं तर टोचेल तिलाच."

ते हे साधेपणाने म्हणाले आणि रुमाल झटकून घडी घालू लागले. तिने जुना चष्मा हातात घेतला. तिला काड्या दिसेनात. तिने फ्रेम फिरवली, पुसली, पुन्हा पुसली.

"काय झालं? तुटला का?" आजोबांनी विचारलं.

"नाही, नाही. माझाच चष्मा पुसायला हवा."

"तुम्हाला चष्मा नाहीये बाई."

"हो ना," ती म्हणाली. "तेच तर."

साडेबाराला तिने मालकाला सांगितलं की तासभर जाऊन येते, आणि डबा तसाच ठेवून निघाली.

मिस्त्रींचा कारखाना रेंजच्या मागच्या भिंतीला लागून होता. दारातूनच भुशाचा वास आला. दस्ता बाकावर आडवा होता. मागचं टोक कापलेलं होतं. ताज्या कापाचा रंग बाकीच्या लाकडापेक्षा फिका, नुकत्याच सोललेल्यासारखा.

"या ताई! काल संध्याकाळीच उडवलं. बघा कसं—"

"मिस्त्री, जॅकेट ते नाही तिचं."

त्यांनी हातातली कानस खाली ठेवली.

"तीन महिन्यांपूर्वी नवं मिळालंय. ताठ आहे. आणि तिचा खांदाही भरलाय. लांब होणार हा तिला."

"मग काल का नाही..." मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं. "आठवलं नाही का?"

हो म्हणायला किती सोपं होतं. त्यांनी शब्द हातात आणून दिला होता.

"आठवत होतं," ती म्हणाली. "लांब झाला असता, तर तिला पुन्हा मापाला यावं लागलं असतं. म्हणून."

मिस्त्रींनी कानामागून पेन्सिल काढली, तिचं टोक बघितलं आणि परत तिथेच खोचली.

"माझ्याकडे एक बाप यायचा," ते म्हणाले. "मुलाचा गालाचा तुकडा दर महिन्याला ढिला होऊन यायचा. मी म्हणायचो, एवढा कसा ढिला होतो? सहा महिन्यांनी कळलं. हे महाशय स्वतःच स्क्रू सैल करायचे. का, तर तो दुरुस्त होईपर्यंत तासभर मुलगा शेजारी बसतो, गप्पा मारतो." त्यांनी नाक खाजवलं. "तुमचं त्याच्यापेक्षा बरं. तुम्ही निदान सांगायला आलात. आणि लांबच कापलंय, आखूड नाही. आखूड कापला गेला असता ना, तर मी तुम्हाला या रंध्याखाली घातलं असतं."

"आता काय करायचं?"

"तिला फोन लावा. दुपारची सुट्टी असेल ना त्यांची? तुमचीच खोड मोडायला मी आज माझा नियम मोडतो. पण नीट करू, अंदाजपंचे नाही."

बगळीने फोन उचलला तो रेंजच्या मागच्या व्हरांड्यातून. मिस्त्रींनी आईच्या हातातून फोन घेतला. "अगं बगळे, ते नवं भूत घाल अंगावर आणि क्लबची रायफल उचल. फोन दूर ठेव, मला पायापासून डोक्यापर्यंत दिसली पाहिजेस. आणि एखादी मैत्रीण बोलाव, पट्टी धरायला."

"पण आईने माप दिलंय ना?"

"आईने दिलं. मला पटलं नाही. चल, वाद घालू नकोस."

आईने मिस्त्रींकडे बघितलं. ते बघत नव्हते.

बगळीने फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि मागे मागे गेली. आणि दीड वर्षात पहिल्यांदा आईला ती अख्खी दिसली. पाय, गुडघे, कंबर, सगळी. तिने रायफल उचलली, कंबर बाहेर काढली, कोपर टेकवलं. डोळे मिटले. नेमबाज असंच करतात. डोळे मिटून अंग आपणहून जिथे स्थिरावेल तिथे स्थिरावू द्यायचं आणि मग उघडून बघायचं की नेम कुठे लागलाय. मिटलेल्या डोळ्यांची लेक समोर उभी होती आणि आईला तिच्याकडे हवं तेवढं बघता येत होतं.

मैत्रीण पट्टी लावून आकडे ओरडत होती, मिस्त्री लाकडाच्या तुकड्यावर लिहून घेत होते. आई काही ऐकत नव्हती. पोरीचे पाय आता पूर्वीपेक्षा दूर पडत होते. पाठ जास्त रेलत होती. केस कापले होते मागून, हे तिने सांगितलंच नव्हतं. हनुवटीखाली नवा घट्टा होता, काळसर, रुपयाएवढा. बगळीचा श्वास संथ सुटला, आणि इकडे आईचाही.

"सुट्टी संपली, जाऊ का?" बगळीने डोळे उघडले.

"जा. झालं," मिस्त्री म्हणाले. "जेवलीस का गं?"

"जेवले. आई कुठाय? आई, दिसत नाहीयेस!"

"इथेच आहे," आई म्हणाली. पण तोवर फोन बंद झाला होता.

मग मिस्त्रींनी नमद्याच्या पट्ट्या कापल्या, लोकरीच्या, जाड. आईने जुनं जॅकेट घातलं आणि मिस्त्रींनी खांद्यात एक पट्टी सरकवली. फूटपट्टी लावून बघितली. दुसरी सरकवली. मग तिसरी. प्रत्येक पट्टीला ते लाकडावरचे आकडे बघायचे आणि मान हलवायचे, अजून नाही, अजून नाही. तिला वाटलं होतं एक पुरेल. चौथीला ते थांबले.

"हां. आता तुम्ही ती झालात."

चार पट्ट्या. ती दस्ता धरून उभी होती आणि तिच्या आणि तिच्या लेकीच्या अंगात चार पट्ट्यांचं अंतर होतं. कधी पडलं ते? कुठल्या महिन्यात? ताप आला तेव्हा की त्याच्याआधी? रोज फोनवर बोलत होती, काय खाल्लं, किती झोपलीस, सगळं विचारत होती, आणि हे अंतर मधेच कुठेतरी वाढत गेलं होतं, पावसाळ्यात लाकूड फुगतं तसं, आवाज न करता.

मिस्त्रींनी नवी रेघ ओढली, दस्ता शिकंज्यात धरला आणि करवत चालवली. लाकडाची एक चकती गळून भुशात पडली. त्यांनी कड घासली, खांद्याची पट्टी बसवली, स्क्रू आवळले. हे होईपर्यंत ती स्टुलावर बसून राहिली. जॅकेट काढलं, नमद्याच्या पट्ट्या एकावर एक रचून बाकावर ठेवल्या.

"उचलून बघता?" मिस्त्रींनी विचारलं. "पाठवायच्या आधी."

तिने जॅकेट न घालताच उचलला. मूठ ओळखीची वाटली. गाल टेकला. मागचं टोक मात्र खांद्यापर्यंत आलं नाही. खांद्याच्या आणि लाकडाच्या मधे फट राहिली. तिने दस्ता मागे ओढून ती बुजवायला बघितली तर गाल सुटला. गाल टेकवला तर पुन्हा फट.

"नाही बसत," ती म्हणाली.

"नाहीच बसायचा," मिस्त्री म्हणाले. "बसला असता तर मी कशाला बसलो होतो इथे?" मग आवाज उतरवून, "द्या इकडे ताई. हात भरून येईल."

दस्ता लाकडी पेटीतून गेला. आठव्या दिवशी दुपारी, ती दुकानात डबा उघडत असतानाच, फोन वाजला. बगळी त्याच व्हरांड्यात होती. अंगात ताठ जॅकेट, हातात अक्रोडाचा दस्ता, त्यात आता खरी नळी.

"आई, बस जरा. मला बघायचंय आणि तू असताना बघायचंय. सरांनी दहा मिनिटं दिलीत."

"थांब," आई म्हणाली. "आधी ऐक. मिस्त्रींना मी नव्या जॅकेटचं सांगितलं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. पहिलं माप मी लांब जाऊ दिलं होतं."

"का?"

"म्हणजे तुला घरी यावं लागलं असतं."

बगळीने दस्त्याच्या मागच्या टोकावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, जिथे कापलं होतं तिथे. मागे कुठेतरी कोणीतरी हसत गेलं. दुकानात मालक कोणाला तरी फ्रेम दाखवत होता, ही बघा, ही हलकी, ही तुम्हाला खुलेल.

"चाचणी बिघडली असती तुझी," आई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं मी त्यांना. रागावलीस?"

"नाही." तिने अंगठा तिथेच ठेवला. "राहू द्यायचास ना गं लांब," बगळी म्हणाली. हसून म्हणायला गेली, पण हसू मधेच राहिलं. "मी सरांना म्हटलं असतं, बघा, नाही बसत. काय करणार, जावंच लागेल."

आईने नुसती मान हलवली आणि चौकटीतल्या बगळीनेही तशीच हलवली.

"बरं. उचलते," बगळी म्हणाली आणि फोन टेकवून मागे गेली, भिंतीवरच्या सरावाच्या ठिपक्यासमोर.

तिने उचलली. कोपर टेकलं, गाल टेकला, खांदा लाकडाला लागला. कुठे फट नव्हती. डोळे मिटले. आईने डबा बाजूला सारला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, मागच्या बाकावर बसायची तशी. दोघींचा श्वास सुटला. बगळीने डोळे उघडले.

"मधोमध?" आईने विचारलं.

"मधोमध, आई."

पण तिने रायफल खाली घेतली नाही. दहा मिनिटांतली सहा अजून बाकी होती, आणि ती तशीच उभी राहिली, आईला दिसावी म्हणून.